चेहऱ्याचा बधिरपणा, कवटीच्या तळाशी गाठ आणि अमायलॉइड: ताईच्या आजाराबद्दल

आडवाट

नमस्कार मंडळी. गेली साडेतीन वर्षं आमच्या घरात हा एकच विषय आहे. या काळात मराठीत याबद्दल काही वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ताईने वाचून 'टाक' म्हटल्यावरच टाकलंय. गाव, दवाखाना, डॉक्टर यांची नावं लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आता ५४ वर्षांची. सुरुवात खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला झाली. पाण्याचा पेला ओठाला लावला की तिला वाटायचं पेल्याचा काठ डावीकडे तुटलाय. दोनदा तिने पेला उजेडात फिरवून पाहिला. काठ धड होता. ओठालाच तो जाणवत नव्हता.

मग बधिरपणा हनुवटीवर उतरला, तिथून गालावर चढला. पाणी कोपऱ्यातून ओघळायचं, अन्नाचा कण हनुवटीला चिकटून राहायचा, तिला पत्ता नसायचा. समोरच्याने स्वतःच्या हनुवटीला हात लावला की ती समजायची आणि पुसायची. पुढे पुढे ती चारचौघांत जेवायलाच बसेना.

गालात कधीकधी ठणकायचं, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. एक दाढ काढली. ठणका तसाच. दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची कळ, सांगून गोळ्या चालू केल्या. आठ महिने त्या गोळ्यांच्या गुंगीत गेले, चालताना तोल जायचा, आणि बधिरपणा एका बोटानेही मागे हटला नाही. मधे एक एमआरआय झाला, इंजेक्शन न देता, फक्त मेंदूचा. रिपोर्ट नॉर्मल. 'मनावर घेऊ नका' असंही एकाने सांगितलं. तिच्या मनाला त्याने काय लागलं ते मी पाहिलंय.

खूण पटली ती माझ्या भाचीमुळे. आईचे केस विंचरताना ती म्हणाली, 'आई, तुझं हे कानशील आत का गेलंय?' खरंच डाव्या कानशिलावर खळगा पडला होता. जांभई देताना जबडा डावीकडे वळायचा. तो फोटो घेऊन तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कापसाची वात केली आणि आधी उजव्या डोळ्याच्या काळ्या भागाला कडेने हळूच लावली. पापणी फटकन मिटली. मग डाव्या डोळ्याला लावली. काहीच नाही. ताई तशीच बघत राहिली. दोन मिनिटांचं काम. आधीच्या दोन वर्षांत ते कोणीच केलं नव्हतं.

पुन्हा एमआरआय, या वेळी काँट्रास्टचं इंजेक्शन देऊन आणि कवटीच्या तळाचे बारीक छेद घेऊन. डावीकडे पाचव्या नसेच्या मुळाशी, मेकेलच्या गुहेत, जेमतेम दोन सेंटिमीटरची गाठ. श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ) असेल, नाहीतर मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), असं सांगितलं. ऑपरेशन ठरलं.

सर्जन बाहेर आले तेव्हा म्हणाले, 'ही नेहमीची गाठ वाटत नाही. वेगळं कवच नाही, पिवळसर चिवट पदार्थ नसेच्या धाग्यांत मुरलाय. सगळं खरवडलं असतं तर नसच गेली असती. थोडाच भाग काढलाय.' तेव्हा आम्हाला वाईट वाटलं होतं. आज त्या हात आवरण्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

पहिला रिपोर्ट आला: 'तंतुमय, पेशीविरहित पदार्थ, ट्यूमरच्या पेशी नाहीत, निश्चित निदान नाही.' स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दुसरीकडे दाखवले. तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी काँगो रेड नावाचा रंग लावला आणि उत्तर मिळालं. अमायलॉइड. पुढे प्रकार निघाला लॅम्डा लाइट चेन (प्रतिपिंडाचा एक तुकडा), म्हणजे एएल. रक्त, लघवी, हाडातली मज्जा, हृदय, पोटाची चरबी सगळं तपासलं. बाकी शरीरात कुठेही नाही. फक्त त्या एका जागी.

माझं म्हणणं एवढंच. चेहरा हळूहळू बधिर होत असेल तर ते दुखण्याच्या खात्यात टाकून गोळ्या घेत बसू नका. आणि गाठीचा तुकडा काढला असेल, उत्तर 'निश्चित नाही' आलं असेल, तर काँगो रेड लावलाय का ते विचारा. विचारल्याशिवाय तो लागतोच असं नाही.

कोणाच्या घरी असं काही झालंय का? इथल्या डॉक्टर मंडळींनी कृपया भर घालावी, मी चुकलो असेन तर सुधारावं.

रानपाखरू

वाचून अंगावर काटा आला. ताईंना माझा नमस्कार सांगा. अमायलॉइड म्हणजे नेमकं काय? अल्झायमरमध्ये हा शब्द ऐकला होता. हा कॅन्सर आहे का?

शिरोरेखा

मी न्यूरॉलॉजीत काम करते. आडवाट, पेल्याच्या काठाची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार बरं झालं. ओठ-हनुवटीची नस गेलेले रुग्ण अगदी असंच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला माहीत नसेल तर ते विचित्र वाटून सोडून दिलं जातं.

आधी नसेबद्दल. चेहऱ्याची जाणीव पाचव्या कपालनसेकडे, म्हणजे ट्रायजेमिनलकडे असते. तिचे तीन फाटे: कपाळ-डोळा, गाल-वरचा ओठ, जबडा-हनुवटी. तिसऱ्या फाट्याबरोबर चावण्याच्या स्नायूंची नसही जाते. तिन्ही फाटे जिथे एकत्र येतात ते गॅसेरियन गँगलियन, आणि ते ज्या खोबणीत बसतं ती मेकेलची गुहा. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १७४८ साली तिचं वर्णन केलं. जागा इतकी चिंचोळी की तिथे काहीही वाढलं तरी हळूहळू तिन्ही फाटे दाबले जातात. ताईंचं तसंच झालं: आधी जबडा, मग गाल, मग डोळ्याची जाणीव. कानशिलाचा खळगा आणि वाकडा जबडा म्हणजे चावण्याची नसही गेली. तोंड उघडताना जबडा नेहमी दुबळ्या बाजूकडे वळतो.

आता न्यूरॅल्जिया. त्यात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंद टिकते, बोलताना, दात घासताना, वाऱ्याच्या झुळकेनेही उठते. दोन कळांच्या मधे तपासलं तर चेहऱ्याची जाणीव बहुतेक शाबूत असते. ताईंच्या बाबतीत उलट होतं. कळ नाही, सतत वाढणारा बधिरपणा. ज्या रुग्णाचा चेहरा बधिर आहे आणि चावण्याचे स्नायू वाळताहेत, त्याला न्यूरॅल्जिया म्हणणं ही चूकच आहे. आमच्या पेशाची चूक, म्हणून स्पष्ट लिहिते.

मेकेलच्या गुहेत जास्त करून श्वानोमा आणि मेनिन्जिओमाच सापडतात. त्याखेरीज चेहऱ्याच्या त्वचेचा किंवा लाळग्रंथीचा कॅन्सर नसेच्या कडेकडेने आत सरकू शकतो. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) असतो, सारकॉइड (दाहाच्या गाठींचा आजार) असतो. अमायलॉइडची गाठ फार फार विरळा. वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नोंदी बहुधा एकेका रुग्णाच्याच सापडतात. म्हणून ऑपरेशनआधी कोणी ते ओळखलं नाही याचा दोष मी कोणाला देणार नाही. एमआरआयवर ती या बाकीच्या गाठींसारखीच दिसू शकते. तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

तुकडा काढायला प्रत्येक वेळी कवटी उघडावी लागते असंही नाही. जागा सोयीची असेल तर गालातून सुई कवटीच्या तळाच्या छिद्रातून आत नेऊन नमुना घेता येतो. प्रत्येकाला जमेल असं नाही, पण सर्जनना विचारावं.

अमायलॉइड म्हणजे काय ते पॅथॉलॉजीवाल्यांनी सांगावं, त्यांचा अधिकार आहे.

सूक्ष्मदर्शी

हाक आली म्हणून लिहितो. पॅथॉलॉजिस्ट आहे.

रानपाखरू, अमायलॉइड हा एकच पदार्थ नाही. प्रथिनाची घडी बिघडण्याची ती एक तऱ्हा आहे. प्रत्येक प्रथिन ठरलेल्या घडीत राहिलं तर काम करतं. काही प्रथिनं घडी मोडली की एकमेकांवर पट्ट्या रचल्यासारखी रचली जातात आणि सरळ, फाटे न फुटणारे तंतू होतात, जाडी साधारण १० नॅनोमीटर. शरीराला ते सहज विरघळवता येत नाहीत. ते पेशींच्या मधल्या जागेत साचतात आणि जागा अडवतात. असं वागू शकणारी चाळीसहून अधिक मानवी प्रथिनं आता माहीत आहेत. अल्झायमरमधलं त्यातलं एक, ताईंचं दुसरं. रचना सारखी, माल वेगळा. त्यामुळे ताईंना अल्झायमर होईल असा अर्थ अजिबात काढू नका.

कॅन्सर आहे का? साचलेला पदार्थ कॅन्सर नाही, त्यात पेशीच नसतात. मात्र एएल प्रकारात तो पदार्थ बनवणारा प्लाझ्मा पेशींचा (प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींचा) एक गट असतो. त्या पेशी प्रतिपिंडाचा एक तुकडा, लाइट चेन, बनवत राहतात आणि तो तुकडा घडी मोडून साचतो. हा गट मज्जेत असेल तर लाइट चेन रक्तातून हृदय, मूत्रपिंड, यकृत सगळीकडे जाते. तो गाठीच्या जागीच बसलेला असेल तर माल तिथेच तयार होतो आणि तिथेच साचतो. ताईंचा दुसरा प्रकार. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८५४ साली रुडॉल्फ फिर्खो यांनी आयोडीन लावून पाहिलं, रंग पिष्टासारखा आला, म्हणून पिष्टासारखं या अर्थाने अमायलॉइड. १८५९ मध्ये फ्रीडराइश आणि केकुले यांनी दाखवलं की हे पिष्ट नव्हेच, प्रथिन आहे. चूक पाच वर्षांत सुधारली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

काँगो रेड मूळचा कापड रंगवायचा रंग, १८८० च्या दशकातला. बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये तो अमायलॉइडला धरतो हे दाखवलं, आणि १९२७ मध्ये दिव्री यांनी ध्रुवीकृत प्रकाशाची युक्ती जोडली. आजही आम्ही तेच करतो. स्लाइड साध्या प्रकाशात विटकरी-गुलाबी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन ध्रुवक एकमेकांना आडवे केले की सगळं क्षेत्र काळं होतं, आणि त्या काळोखात अमायलॉइड कच्च्या सफरचंदासारखं हिरवं चमकतं. कितीदा पाहिलं तरी मी क्षणभर थांबतो.

आता कामाचं. नेहमीचा छेद ३-४ मायक्रॉनचा. काँगो रेडसाठी तो जरा जाड घ्यावा लागतो, ६ ते १०. पातळ छेदावर थोडं अमायलॉइड निसटू शकतं. नेहमीच्या रंगात ते फिकट गुलाबी, काचेसारखं एकजिनसी दिसतं आणि 'तंतुमय पदार्थ' म्हणून खपून जातं. आडवाट यांनी लिहिलं ते खरं आहे: रंग मागवावा लागतो, आणि मनात शंका आली तरच आम्ही मागवतो. क्लिनिकल माहितीच्या रकान्यात 'गाठ' एवढाच शब्द असतो तेव्हा शंका यायची कशी? म्हणून सर्व डॉक्टरांना विनंती, अर्जावर दोन ओळी जास्त लिहा.

आणखी एक. 'अमायलॉइड आहे' इथे रिपोर्ट संपत नाही, प्रकार कळलाच पाहिजे. अँटिबॉडीच्या रंगांवर एएलमध्ये फसगत होते. लेझरने तेवढाच भाग कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रथिन ओळखणं जास्त भरवशाचं. उतारवयात रक्तात थोडं मोनोक्लोनल प्रथिन (प्लाझ्मा पेशींच्या एकाच गटाने बनवलेलं) कित्येकांना सहजच असतं. अमायलॉइड निघालं वेगळ्याच प्रथिनाचं आणि रक्त पाहून एएल ठरवलं, तर माणसाला नको ती केमोथेरपी मिळते. हे घडतं.

तळटीप

दोन्ही डॉक्टरांचे आभार. एक साधी शंका: प्रथिनांमुळे होतं म्हणता, तर आहारातली प्रथिनं कमी करायची का? आमच्या ओळखीत एकाने आजार कळल्यावर सगळी प्रथिनं बंद केली आणि पार खंगला.

सूक्ष्मदर्शी

नाही, मुळीच नाही. खाल्लेलं प्रथिन पचनात सुटं होतं. साचणारं प्रथिन शरीर स्वतः बनवतं. मूत्रपिंड बिघडलं असेल तर त्या डॉक्टरांचा सल्ला वेगळा असेल, तेवढंच. त्या गृहस्थांना कृपया लगेच सांगा.

उमेद

हा धागा रात्री दोनदा वाचला. आमची बाजू दुसरी आहे, म्हणून लिहिते.

ह्यांना एएल होतं, पण सगळ्या अंगात. पहिली खूण चेहऱ्यावरच दिसली. जोरात खोकला आला की डोळ्यांभोवती जांभळे डाग पडायचे, कोणी ठोसा मारल्यासारखे. मी जीभ बघितली तर कडांना दातांचे ठसे. जीभ वाढली होती, बोलणं जड झालं होतं. मग पावलांना मुंग्या, उभं राहिलं की चक्कर, घोट्यांना सूज. वेगवेगळ्या खुणांसाठी वेगवेगळे डॉक्टर, आणि एकाने तरी सगळ्या एका ओळीत मांडाव्यात म्हणून मी वहीत तारखा लिहायला लागले. शेवटी ती वही बघूनच एका डॉक्टरांनी फ्री लाइट चेनची तपासणी लिहून दिली.

तोवर हृदयात शिरलं होतं. उपचार लगेच सुरू झाले, डॅराटुमुमॅबसह (प्लाझ्मा पेशींवरचं औषध). रक्तातली लाइट चेन खाली आली, हृदय सावकाश सावरतंय. जीभ होती तशी झाली नाही. डाग मात्र आता पडत नाहीत.

आडवाट, तुमच्या ताईंचं एका जागी आहे हे वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण ज्यांचं अजून ठरायचंय त्यांनी थांबू नका. आमचे चार महिने खुणा वेगवेगळ्या धरण्यात गेले. ते परत मिळत नाहीत.

शिरोरेखा

उमेद ताई, तुमच्या वहीला सलाम. डोळ्यांभोवतीचे असे डाग आणि दातांचे ठसे उमटलेली मोठी जीभ एकत्र दिसली तर एएलचा विचार त्याच दिवशी करावा.

ज्यांना पुढे लागेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. चेहऱ्याच्या नसेत अमायलॉइड निघालं की ते बाकी शरीरात नाही ना हे पाहायलाच हवं: रक्त आणि लघवीची इम्युनोफिक्सेशन (एकाच गटाचं प्रथिन शोधणारी तपासणी), रक्तातल्या फ्री लाइट चेन, मज्जा, हृदयाचा इको, एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन (हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), २४ तासांच्या लघवीतलं प्रथिन, यकृताच्या तपासण्या, पोटाच्या चरबीचा नमुना. हे सगळं स्वच्छ निघालं तर आजार स्थानिक, आणि स्थानिक एएलला केमोथेरपी सहसा लागत नाही.

तो पुढे पसरेल का, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. लंडनच्या राष्ट्रीय अमायलॉइडोसिस केंद्राने २०१५ मध्ये ६०६ स्थानिक एएल रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांत साधारण १ टक्का लोकांचा आजार पुढे सर्वांगी झाला. ते रुग्ण मूत्राशय, स्वरयंत्र, त्वचा अशा नाना जागांचे, नसेचेच नव्हते. तरी धीर धरायला हा आकडा पुरेसा आहे.

कोरा_कागद

आईचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चेहरा बधिर नाही, पण दोन्ही भुवया खाली उतरल्यात, कपाळावर आठी पडत नाही. फोटो लावून पाहिले तर दहा वर्षांत हळूहळू झालंय. मामाचंही तसंच होतं. 'वयाने होतं' म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. एकदा बेल्स पाल्सी सांगितलं होतं. हे अमायलॉइड असू शकतं का?

नेत्रपल्लवी

नेत्रतज्ज्ञ आहे. कोरा_कागद, तुमच्या प्रतिसादासाठी लॉगिन केलं.

ताईंची नस पाचवी, जाणिवेची. तुमच्या आईंची सातवी, हालचालीची. बेल्स पाल्सी एका बाजूला आणि झपाट्याने येते, फार तर तीन दिवसांत पूर्ण होते, आणि बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते. दहा वर्षं हळूहळू, दोन्ही बाजूंना, आणि घरात दुसऱ्यालाही, ही बेल्स पाल्सी नव्हे. कारणं अनेक असू शकतात, पण त्यातलं एक खरोखर अमायलॉइडचं आहे.

फिनलंडचे नेत्रतज्ज्ञ योउको मेरेतोया यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं. जेल्सोलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे ते प्रथिन कॅल्शियमला नीट धरू शकत नाही, पेशीतून बाहेर पडताना फ्यूरिन नावाचं विकर त्याला चुकीच्या जागी कापतं, बाहेर आणखी एक काप बसतो, आणि उरलेले तुकडे तंतू होऊन साचतात. रोग आईवडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. फिनलंडमध्ये सर्वाधिक रुग्ण आहेत, पण डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक, जपान, अमेरिका अशा अनेक देशांत कुटुंबं सापडली आहेत.

पहिली खूण बहुधा आमच्याच खुर्चीवर दिसते: विशी-तिशीत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर, बारीक जाळीसारख्या रेघा. चाळिशीनंतर सातव्या नसेचा कपाळाकडचा फाटा दुबळा होतो, आठ्या जातात, भुवया उतरतात, मग पापण्या, गाल. त्वचा सैल पडते. म्हणून आईंना स्लिट लॅम्पवर (नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकावर) दाखवा आणि 'जाळी दिसते का' असं स्पष्ट विचारा. जाळी दिसली तर जनुक तपासणी. नाही दिसली तरी दुसरी कारणं शोधायला न्यूरॉलॉजिस्टकडे जाच.

मूळ रोग थांबवणारं औषध आज नाही. डोळा ओला ठेवणं, भुवया-पापण्या उचलण्याची शस्त्रक्रिया, गरज पडली तर कॉर्निया बदलणं, इतकं करता येतं. पण नाव कळलं की 'वयाने होतं' हे ऐकणं थांबतं, आणि पुढच्या पिढीला आधी कळतं.

आडवाट, एक काळजीचं. ताईंच्या डाव्या डोळ्याची जाणीव गेलीय. त्यांच्यासाठी आता गाठीपेक्षा मला डोळ्याची भीती जास्त वाटते. कॉर्नियाला जाणीव नसेल तर पापणी कमी मिटते, पडदा सुकतो, ओरखडा भरत नाही, जखम खोल होते आणि दुखत मात्र नाही. लालसर झालेला, न दुखणारा डोळा पाहून माणूस निवांत राहतो आणि पडद्याला भोक पडेपर्यंत कळत नाही. काय काळजी घेताय?

आडवाट

नेत्रपल्लवी, मनापासून आभार. एकदा झालंय तसं. ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात ताई म्हणाली डाव्या डोळ्याने धुकं दिसतं. दुखत नव्हतं म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो. डॉक्टरांनी पिवळट रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळा उजेड टाकला, आणि बुबुळाच्या मधोमध एक अंडाकृती डाग हिरवा चमकला. भरायला सात आठवडे लागले. बारीकसा व्रण राहिलाय.

तेव्हापासून घरात नेम आहे. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दिवसा दर दोन तासांनी, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, बाहेर पडताना कडा झाकणारा चष्मा. सकाळी आरशात दोन्ही डोळे शेजारी शेजारी बघायचे, लाली दिसली की त्याच दिवशी दाखवायचं. पंखा तोंडासमोर नाही.

नेत्रपल्लवी

अगदी योग्य. ओरखडा पुन्हा झाला आणि भरेना, तर सेनेगर्मिन थेंबांबद्दल तिथल्या डॉक्टरांशी बोला. नस वाढवणाऱ्या घटकाचे थेंब आहेत, कॉर्नियाची जाणीव गेल्याने होणाऱ्या याच आजारासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेले. तेही जमलं नाही तर पापण्यांच्या कडा थोड्या शिवून डोळा अर्धवट मिटता करतात. दिसायला बरं नाही, पण डोळा वाचतो.

पायवाट_९

माझ्या काकांची मेकेलच्या गुहेतली गाठ अशीच आहे, बायॉप्सी दोन वर्षांपूर्वी, रिपोर्ट 'दाहजन्य तंतुमय ऊती, निश्चित मत देता येत नाही'. तेव्हापासून फक्त एमआरआय करतोय. आता तुकडा पुन्हा काढावा लागेल का? काका ७१ वर्षांचे आहेत, त्यांना पुन्हा टेबलावर घ्यायची आमची हिंमत नाही.

सूक्ष्मदर्शी

पुन्हा काढू नका, आधी ब्लॉक शोधा. तुकडा मेणात बसवलेला असतो, त्यालाच ब्लॉक म्हणतात, आणि प्रयोगशाळा तो वर्षानुवर्षं जपून ठेवते. रिपोर्टवरच्या क्रमांकाने अर्ज करा. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा, मिळाल्याची नोंद ठेवा. दुसऱ्या ठिकाणी देताना लिहा: 'चेहऱ्याचा हळूहळू वाढणारा बधिरपणा, मेकेलच्या गुहेतील गाठ, काँगो रेड ध्रुवीकृत प्रकाशात पाहावे, आयजीजी४ पाहावे, लिम्फोमा नाही याची खात्री करावी.' आयजीजी४ हा प्रतिपिंडाचा एक प्रकार, तो बनवणाऱ्या पेशी जमून दाहाच्या गाठी होणारा एक आजार असतो. ब्लॉक उन्हात, गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

तळटीप

शिरोरेखा, ताईंची उरलेली गाठ काढून टाकता येणार नाही का? रेडिएशन वगैरे?

शिरोरेखा

सर्जननी ऑपरेशनच्या दिवशीच उत्तर दिलंय. श्वानोमा नसेला बाजूला ढकलतो, म्हणून सोलून काढता येतो. अमायलॉइड नसेच्या धाग्यांमधूनच मुरतं. सगळं काढायचं म्हणजे पाचवी नस काढायची, आणि मग उरलीसुरली जाणीव, चावणं, सगळं कायमचं जातं. वाढ सहसा फार संथ असते. म्हणून निदानापुरता तुकडा, दाब पडत असेल तर तेवढा भाग कमी करणं, आणि ठरावीक काळाने एमआरआय, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. गाठ वाढून मेंदूच्या देठाला दाबायला लागली तर हिशेब बदलतो. ठणक्यासाठी प्रेगाबालिनसारखी औषधं असतात. बधिरपणा मात्र औषधाने परतत नाही, आणि तसं आश्वासन मी माझ्या रुग्णांना देत नाही.

आडवाट

ताईने सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून घेतले. गेल्या महिन्यात दुसरा वार्षिक एमआरआय झाला, गाठ होती तेवढीच आहे. फ्री लाइट चेन दर सहा महिन्यांनी, अजून सरळ. ती उजव्या बाजूने चावते, घास लहान घेते, समोर छोटा आरसा ठेवते. मागच्या आठवड्यात भाचीच्या मैत्रिणी आल्या होत्या तेव्हा आरसा काढून ठेवला आणि त्यांच्यात बसून जेवली. हनुवटीला कण लागला तेव्हा भाचीने स्वतःच्या हनुवटीला हात लावला, ताईने पुसला, गप्पा चालू राहिल्या.

कोरा_कागद

आईला स्लिट लॅम्पवर दाखवलं. दोन्ही डोळ्यांत जाळी आहे. डॉक्टर आधी गप्प झाले, मग सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. जनुक तपासणीसाठी रक्त दिलंय. मामाच्या मुलांना काय आणि कसं सांगायचं यावर आमचं बोलणं चालू आहे. माझंही रक्त द्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

नेत्रपल्लवी

घाई करू नका. आधी आईंचा निकाल येऊ दे. मग तुमच्या तपासणीआधी जनुक समुपदेशकाशी एकदा बसा, मामेभावंडांनाही सोबत घ्या. ठरवलं नाही तरी चालेल, तोवर वर्षातून एकदा कॉर्निया दाखवत राहा.

पायवाट_९

ब्लॉक मिळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात होता, क्रमांक सांगितल्यावर दहा मिनिटांत काढून दिला. सूक्ष्मदर्शींनी सांगितलेला मजकूर जसाच्या तसा लिहून पाठवला. काल उत्तर आलं: काँगो रेड निगेटिव्ह, पण आयजीजी४ वाल्या प्लाझ्मा पेशी भरपूर. म्हणजे अमायलॉइड नाहीच. सोमवारी काकांची संधिवाततज्ज्ञांकडे वेळ घेतली आहे, स्टिरॉइडने गाठ कमी होऊ शकते असं पॅथॉलॉजिस्ट फोनवर म्हणाले. काय होतं ते इथेच लिहीन.